नेपच्यून किती कोसांवर?

४ जानेवारी

तीर्थस्वरूप वन्संना साष्टांग नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही पत्र न फोडताच बाजूला ठेवलं नसेल, असं धरून चालते. तुमचा भाऊ गेला त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून तुमचं पत्र नाही आणि माझंही नाही. म्हणजे एका बाबतीत तरी आपलं एकमत झालं. फोन करणार होते, पण मागे मी फोनवर "तब्येत कशी आहे?" विचारलं आणि तुम्ही "अडीच किलो" म्हणालात. तेव्हा पत्रच बरं.

काम आहे. काम नसतं तर हिने लिहिलं नसतं, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच लिहून टाकते. अडला हरी काय करतो, ते तुम्हाला ठाऊक आहेच. यात हरी मी.

आमच्या तारांगणात नवे संचालक आलेत. वय बेचाळीस, उत्साह चौदा वर्षांचा. घुमटाभोवतीच्या गोल वऱ्हांड्यात आम्ही ग्रहांच्या पाट्या लावल्या होत्या: सूर्यापासून पृथ्वी १५० गिगामीटर, नेपच्यून साडेचार टेरामीटर, वगैरे. एक गिगामीटर म्हणजे दहा लाख किलोमीटर आणि एक टेरामीटर म्हणजे शंभर कोटी, हेही खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं. साहेबांनी एक फेरी मारली आणि म्हणाले, "बाई, टेरामीटर वाचून कुणाच्या अंगावर काटा येतो का? आपली जुनी मापं वापरा. कोस! कोस म्हटलं की माणूस मनाने चालायला लागतो."

मी म्हटलं, साहेब, नेपच्यूनपर्यंत?

ते म्हणाले, "हीच तर गंमत आहे."

तेव्हा वन्सं, एका कोसाचे मीटर किती, तेवढं कळवावं. तुम्ही संग्रहालयात मापांचं दालन जन्मभर सांभाळलंत. तुम्हाला ते तोंडपाठ असणार. एका ओळीचं उत्तर पुरे. भागाकार मी करीन.

आपली (अजून म्हणता येत असेल तर)
भावजय

११ जानेवारी

चि. भावजयीस अनेक आशीर्वाद (जुन्या मापाने).

पत्र फोडलं. आत चेक असेल असं वाटलं होतं.

एका ओळीचं उत्तर हवंय? घे: कोणता कोस?

तुमच्या त्या चौदा वर्षांच्या संचालकांना वाटतं की कोस म्हणजे कपाटात ठेवलेली पट्टी, काढली की मोजलं. अगं, माझ्या दालनात मी दोन कोस शेजारी शेजारी मांडले होते आणि बघणारे दर वेळी विचारायचे, "यातला खरा कोणता?" एक चार हजार हातांचा, दुसरा आठ हजार हातांचा. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. आता कुणाचं कोपर, हे विचारू नकोस. साधारण पंचेचाळीस सेंटिमीटर धर. म्हणजे एक कोस १.८ किलोमीटर, दुसरा ३.६. शिवाय जुने लोक म्हणायचे, मोठ्याने मारलेली हाक ऐकू येते तितकं अंतर म्हणजे कोस. त्या हिशेबाने माझा कोस सध्या टेबलाच्या त्या टोकाला संपतो.

तेव्हा साहेबांना विचार, सूर्य जवळ हवा की लांब? एका कोसाने पृथ्वी सूर्यापासून आठ कोटी तेहतीस लाख कोसांवर आहे, दुसऱ्याने त्याच्या बरोब्बर निम्म्यावर. आमच्याकडे दोन्ही मिळतात.

आणि एक. अंतर, दुरावा, "तुमच्या-माझ्यातले किती कोस" असलं काही पुढच्या पत्रात लिहू नकोस. तुला घुमटाखाली काळोखात बोलायची सवय आहे, म्हणून आधीच सांगितलं.

नणंद

१७ जानेवारी

ती. वन्संना सा. न.

नाही लिहिणार. सुचलंही नव्हतं. तुमच्या मनात होतं म्हणून तुम्हाला सुचलं.

साहेबांना विचारलं. त्यांनी खिडकीबाहेर पाहत विचार केला (ते विचार करताना नेहमी खिडकीबाहेर पाहतात, म्हणजे विचार आला तर दिसावा) आणि म्हणाले, "मग हातांतच लिहा ना! हात तर सगळ्यांना असतात."

मी मांडून पाहिलं. नेपच्यून सूर्यापासून दहा लाख कोटी हातांवर आला. एकावर तेरा शून्यं. आमचा पाटीवाला अक्षरं कापून भिंतीवर चिकटवतो. तो म्हणाला, "बाई, माझ्याकडे सगळी मिळून अकरा शून्यं आहेत. बाकीच्या ठिकाणी 'ओ' लावतो, कुणाला कळणार नाही." साहेबांना ही युक्ती आवडली होती. मी मोठ्या मिनतवारीने त्यांना पुन्हा कोसावर आणलंय.

पण आता नवीनच काढलंय. आकडे मी काढायचे नाहीत. "तुम्ही घरच्या माणूस, तज्ज्ञाची सही हवी." मी इथे सत्तावीस वर्षं ग्रह दाखवतेय, पण त्यांच्या हिशेबी मी घरची. तज्ज्ञ म्हणजे परगावचा माणूस, जो फोन उचलत नाही. या व्याख्येत तुम्ही अगदी फिट्ट बसता. तेव्हा आठही ग्रहांची अंतरं सोबत लिहून पाठवतेय. तुम्हीच कोस निवडा, तुम्हीच भागा, खाली सही करा. उद्घाटन २० फेब्रुवारीला आहे.

भावजय

ता. क. गुडघ्यांचं कसं आहे? हे साहेबांनी विचारायला सांगितलेलं नाही.

२५ जानेवारी

चि. भावजयीस आशीर्वाद.

गुडघे जागेवर आहेत. बाकीचंही.

माझ्या मते तुमच्या वऱ्हांड्याला छोटा कोस बरा, चार हजार हातांचा. कारण शास्त्रीय नाही. साहेबांना काटा हवाय ना? मोठा आकडा हवा असेल तर छोटं माप घ्यावं. हे सगळ्या दुकानदारांना कळतं. सात ग्रहांचे आकडे खाली देतेय, सहीसकट. बुध तीन कोटी बावीस लाख, शुक्र सहा कोटी एक लाख, आणि असंच पुढे. शेवटी युरेनस एकशे एकोणसाठ कोटी पन्नास लाख कोस.

आठवा दिलेला नाही, कारण नेपच्यूनचं अंतर तू पहिल्या पत्रात साडेचार टेरामीटर लिहिलंयस आणि दुसऱ्या पत्रासोबतच्या कागदावर पंचेचाळीस. एवढ्या थोड्या दिवसांत तो एवढा कुठे पळाला? दशांशचिन्ह हे काही डासासारखं नसतं, की दिसलं तर दिसलं. नक्की काय ते कळव, मग आठवाही पाठवते.

धाकटा शाळेत असाच दशांशचिन्हं विसरायचा. तुझ्या संगतीने लागलेली सवय नव्हे ती, जन्माचीच होती. पण तुम्हा दोघांचं कसं जमलं, ते आज कळलं.

नणंद

३० जानेवारी

ती. वन्संना सा. न.

साडेचार. चार दशांश पाच. आता माझ्या अक्षराची तपासणी झाली असेल तर आठवा आकडा परतीच्या टपालाने पाठवा. सात पाट्या भिंतीवर चढल्या. आठव्या जागी नुसताच निळा गोल आहे आणि साहेब रोज सकाळी त्याच्यापुढे उभे राहून "नेपच्यूनचं काय झालं?" असं विचारतात. काल सफाईवाल्या मावशींनाही विचारलं. त्या म्हणाल्या, "मी नाही घेतला."

त्याची शाळेतली वही माझ्याकडेही आहे. दशांशचिन्हं मलाच घालावी लागायची, लग्नानंतरसुद्धा.

भावजय

१२ फेब्रुवारी

चि. भावजयीस,

उशीर झाला. अक्षर वाकडं दिसेल, टेबल नवीन आहे आणि जरा डुगडुगतं. पेनही माझं नाही.

नेपच्यून: एकशे पंचवीस कोटी कोस.

सही खाली आहे. सध्या जरा हवापालट चाललाय. खोली मोठी आहे, समोर पांढरी भिंत, सोबतीला पाच-सहा बायका. सगळ्या दिवसभर आडव्या. बऱ्यापैकी आळशी जमात आहे. तू उत्तर घरच्याच पत्त्यावर टाक, वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई टपाल बघतात.

उद्घाटन छान होऊ दे.

नणंद

२१ फेब्रुवारी

वन्सं,

सा. न. वगैरे पुढच्या वेळी.

काल उद्घाटन झालं. प्रमुख पाहुण्या म्हणून विद्यापीठाच्या कुलगुरूबाई आल्या होत्या. मागे साहेब नव्या कोटात, त्यांच्या मागे मी, माझ्या मागे शाळेतल्या पोरींची रांग. बाई एकेक पाटी मोठ्याने वाचत चालल्या. "शनी एकोणऐंशी कोटी सदुसष्ट लाख कोस, वा! युरेनस एकशे एकोणसाठ कोटी पन्नास लाख कोस, वा वा! नेपच्यून एकशे पंचवीस कोटी..."

पुढचा "वा" आला नाही. बाई थांबल्या, चार पावलं मागे गेल्या, युरेनस पुन्हा वाचला, पुढे आल्या, नेपच्यून पुन्हा वाचला. मग अगदी गोड आवाजात साहेबांना म्हणाल्या, "तुमच्याकडे नेपच्यून माहेरपणाला आलाय का?"

साहेब हसले, कारण त्यांना कळलं नाही. पोरींना कळलं. एकजण ओरडली, "नेपच्यून अलीकडे आला!" आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आजच्या पेपरात मथळा आहे: तारांगणात नेपच्यूनची माघार.

साडेचार टेरामीटरना १.८ ने भागलं तर अडीचशे कोटी कोस येतात. हे मी आज केलं. आधी का नाही केलं? कारण तुमचं पत्र उद्घाटनाच्या आदल्या दिवशी हातात पडलं, पाटीवाला शिडीवर उभा होता, आणि मी आकडा वाचून दाखवला. तेहतीस वर्षांत तुमच्या एकाही शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवला नाही. नेमका या एकावर ठेवला. तुम्ही एक पाटी छोट्या कोसाने मोजता, दुसरी मोठ्या, आणि वर मला डासांबद्दल सांगता!

हवापालट चाललाय म्हणे. चालू द्या. पांढरी भिंत बघत आकडा टाकला असेल, दोन बायकांशी गप्पा मारता मारता. इथे माझी नोकरी टांगणीला लागलीय. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत आणि साहेबांनी लेखी खुलासा मागितलाय: चूक तज्ज्ञाची की माझी? तुमचं लेखी उत्तर हवंय, परतीच्या टपालाने.

खरं सांगू? हे लिहिलंच नसतं तर बरं झालं असतं. तुमचा भाऊ होता तोवर तुम्ही माझ्या नणंद होतात. आता तुम्ही माझ्या कोण आणि मी तुमची कोण, हे कुणीतरी मोजून सांगा. तुमच्या कुठल्याही कोसाने चालेल.

भावजय

८ मार्च

ती. वन्संना साष्टांग नमस्कार.

सुखरूप पोचले. गाडीत झोप लागली नाही, पण ती तुमच्या पलंगाशेजारच्या स्टुलावरही लागली नव्हती.

डॉक्टरांनी पुन्हा सांगितलंय: खुबा नवा बसवलाय, घाई करू नका, वॉकर सोडू नका, आणि स्वच्छतागृहात एकटीने जायचं नाही. तुम्ही मान हलवलीत. ती होकाराची होती की ऐकू न आल्याची, हे त्यांना कळलं नाही, म्हणून लिहून देतेय.

उद्घाटनाचं तुम्ही विचारलंत, पण शेजारच्या आजीबाई ओरडत होत्या म्हणून नीट सांगता आलं नाही. छान झालं. पाहुण्यांनी प्रत्येक पाटी वाचली. नेपच्यूनपाशी तर बराच वेळ थांबल्या. मुलींनी टाळ्या वाजवल्या. पेपरात पण आलंय.

शिंपीणबाई रोज डबा आणतात, हे बघून बरं वाटलं. त्यांना कमी तिखट करायला सांगून आलेय. तुमच्या जिभेला तिखटाची गरज नाही.

शहाण्यासारखं वागा.

आपली
भावजय

२० मार्च

चि. भावजयीस,

परवा घरी आले. शिंपीणबाईंनी तळमजल्यावर पलंग हलवलाय. आता मी झोपल्या झोपल्या रस्त्यावरच्या सगळ्यांच्या चपला बघते. मनोरंजन स्वस्त आहे.

घरी एक सरकारी पाकीट वाट बघत होतं. तुझ्या साहेबांचं. मजकूर असा: आदरणीय बाई, आपण दिलेला अचूक आकडा पाटीवर उतरवताना आमच्या कर्मचारी बाईंकडून गंभीर चूक झाली, त्यामुळे आपल्या नावाला बट्टा लागला, तारांगण दिलगीर आहे. सदर बाईंनी चूक लेखी कबूल केली असून त्यांची बदली तिकीट खिडकीवर करण्यात आली आहे.

मी हे तीनदा वाचलं. चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं.

आता माझं ऐक. तू दवाखान्यात माझ्याशी तीन दिवस गोड बोललीस, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. मी उशी मागितली तर तू उशी दिलीस, टोमणा मारला नाहीस. मला वाटलं, मी मरणार आहे आणि डॉक्टरांनी तुला सांगितलंय. दोन रात्री मी त्या विचारात काढल्या. तुझ्या साहेबांचं पत्र वाचून कळलं की मी मरत नाहीये, नुसती चुकलेय. खरं सांगायचं तर हायसं वाटलं. पण नंतर राग आला, तो अजून आहे.

माझी चूक तू कोणत्या अधिकारात घेतलीस?

अगं, पायरीवरून घसरले तो फेब्रुवारीचा पहिला आठवडा. शस्त्रक्रियेनंतर गुंगीत होते. तुझं साडेचारवालं पत्र शिंपीणबाईंनी उशाशी आणून ठेवलं. पुस्तकं घरी, तुला दिलेल्या सात आकड्यांची नक्कल घरी. डोक्यात होता तो आठ हजार हातांचा कोस, कारण आयुष्यभर तोच आधी सांगत आले. त्यानेच भागलं. आकडा बरोबर आहे, कोस चुकीचा आहे. म्हणजे चूक माझी. सही माझी. माझ्या आयुष्यातली पहिली छापील चूक, पेपरात मथळा झालेली, आणि ती तू परस्पर आपल्या नावावर करून टाकलीस! माझ्या घरातून काही न्यायचं होतं तर तांब्याचं घंगाळ नेलं असतंस.

तुला का नाही कळवलं, असं तू तिथे विचारलंस आणि मी ऐकू न आल्याचं दाखवलं. ऐकू आलं होतं. कळवलं असतं तर तू धावत आली असतीस आणि मला तुझे आभार मानावे लागले असते. या वयात नवीन सवयी लावून घेऊ नयेत म्हणतात.

तुझ्या साहेबांना मी कालच लिहिलंय. सगळं. कोस दोन आहेत, चूक एक आहे, ती माझी आहे, आणि ती मला परत हवी आहे. माझं नाव पेपरात नीट छापायला सांगितलंय.

आणखी एक गोष्ट. शिंपीणबाई म्हणाल्या, "तुमच्या भावजय आल्या तेव्हा त्यांनी तुमच्या टपालातून स्वतःचंच एक पाकीट काढून घेतलं आणि पर्समध्ये टाकलं." त्यात काय होतं?

डॉक्टर म्हणतात, तीन महिने तरी एकटीने राहायचं नाही. शिंपीणबाई किती करणार, त्यांना त्यांची मशीन आहे. गावाबाहेर एक शुश्रूषागृह आहे, तिथे नाव घालून ठेवलंय. खोली चांगली आहे. समोर पुन्हा पांढरी भिंत.

नणंद

२७ मार्च

ती. वन्संना सा. न.

चूक परत मिळाली. अभिनंदन. साहेबांनी मला बोलावलं, तुमचं पत्र पुढे सरकवलं आणि म्हणाले, "या बाई फार कडक दिसतात." मी म्हटलं, साहेब, हे तर त्यांनी आजारपणात लिहिलंय.

मग त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. आता कोस रद्द झालाय. आठही पाट्या उतरल्या. सगळी अंतरं फुटबॉलच्या मैदानांत लिहायची आहेत, कारण "मैदान सगळ्यांनी पाहिलेलं असतं". मी सांगितलं की फुटबॉलच्या मैदानाची लांबी नियमातसुद्धा एक ठरलेली नाही, नव्वद मीटर चालते आणि एकशे वीसही चालते. ते म्हणाले, "बाई, तुम्ही प्रत्येक गोष्टीत अडचणी का काढता?" यावर उत्तर तुम्हीच देऊ शकाल. पाटीवाला मात्र खूश आहे. त्याला शून्यं परत मिळाली.

कुलगुरूबाई मागच्या रविवारी तिकीट खिडकीवर आल्या. नातवाला घेऊन. मला ओळखलं. "नेपच्यून गेला का सासरी?" विचारलं. मी दोन कोसांची सगळी गोष्ट सांगितली. मागे रांग लांबली, लोक कुरकुरायला लागले, पण बाई हलेनात. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे दोन्ही बरोबर होते, फक्त एकाच भिंतीवर नको होते." मला एकदम तुमची आठवण झाली. माझीही झाली.

साहेबांनी मला घुमटात परत यायला सांगितलं. मी नाही म्हटलं. खिडकीच बरी आहे. घुमटातला शेवटचा खेळ नऊला संपतो, खिडकी पाचला बंद होते. का नाही म्हटलं, ते विचारू नका.

पाकिटाबद्दल. त्यात शिव्या होत्या. सुरुवात नमस्काराविना होती, यावरून अंदाज करा. तुमच्या दारात पोचले ती भांडायलाच पोचले होते, कडी वाजवायला हात उचललेला होता; वरून शिंपीणबाई म्हणाल्या की तुम्ही दवाखान्यात आहात. हात तसाच राहिला. त्यांच्याकडच्या टपालात माझं पाकीट दिसलं, न फोडलेलं. ते घेतलं आणि गाडीत फाडून टाकलं. त्यात शेवटी एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर मला दवाखान्यातल्या नर्सने दिलं. दारात अडवून तिने विचारलं, "पेशंट तुमच्या कोण?" आणि मी काही विचार न करता म्हटलं, "माझ्या वन्सं." तिने आत सोडलं. वहीत तर तिने "बहीण" लिहिलं. मी दुरुस्त केलं नाही.

शुश्रूषागृहातलं नाव काढून टाका. इथे पुढची खोली रिकामी केलीय. तळमजला, पायऱ्या नाहीत, न्हाणीघरात पकडायला दांडी बसवून घेतलीय. भिंत फिकट पिवळी आहे, पांढरी नाही. घरमालकिणीने विचारलं, किती दिवस? मी सांगितलं, आता आम्ही दोघी राहतो. तुम्ही तिला हवं तर तीन महिने सांगा. तुमच्याकडे महिनेही दोन प्रकारचे असतील.

भावजय

२ एप्रिल

चि. भावजयीस अनेक आशीर्वाद.

का नाही म्हणालीस, ते विचारत नाही. तू सांगितलंस म्हणून. पण नऊमधून पाच वजा करता येतात मला. खुबा गेलाय, डोकं नाही.

शुश्रूषागृहात नाव काढायला गेले तर तिथल्या बाई म्हणाल्या, "घरचं कुणी नेतंय का?" मी म्हटलं, "हो, घरचीच आहे. मला न विचारता माझ्या वस्तू उचलते." त्यांनी फार सहानुभूतीने पाहिलं.

शनिवारी दुपारच्या गाडीने येते. शिंपीणबाई सोबत येऊन पोचवतील आणि रविवारी परत जातील. त्यांना चांगलं जेवायला घाल, त्यांनी दोन महिने तुझ्यासारख्याच प्रेमाने, पण जास्त मिठाने, मला खायला घातलंय. सामानात एक वॉकर, दोन बॅगा आणि एक जड पेटी. पेटीत काय आहे ते विचारू नकोस, मीही विचारलेलं नाहीये.

सकाळचा चहा मला सहाला लागतो. तू आठला उठतेस, हे धाकट्याने सांगितलं होतं, तक्रारीच्या सुरात. रेडिओ मी मोठ्याने लावते. तू झोपेत बोलतेस, तेही त्याने सांगितलंय. माझ्या बाजूने हरकत नाही, मला ऐकू येणार नाही.

आपण दोघी एका घरात राहणार हे कळलं असतं, तर तो घर सोडून पळाला असता. तर तो आधीच गेला. कायम घाई, दशांशचिन्हालासुद्धा थांबला नाही कधी.

शनिवारी स्टेशनवर ये. लवकर ये. मी ओळखू येणार नाही, फार वाळलेय.

तुझी
वन्सं